बाबा फायर ब्रिगेडमध्ये आहेत, छातीचा आजार जडला, ऑफिस म्हणतंय व्हीआरएस टाका. सही करावी का?

गच्चीवरची_तुळस (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे पाककृतींचे आणि भटकंतीचे धागे वाचून गुपचूप निघून जाते. पहिल्यांदाच लिहितेय, तेही घाईत, त्यामुळे विस्कळीत असेल तर सांभाळून घ्या.

बाबा एका महानगरपालिकेच्या अग्निशमन दलात आहेत. शहर सांगत नाही, त्यांना अजून तिथेच हजेरी लावायचीय. १९९७ ला फायरमन म्हणून लागले, आता वय ५४. दोन वर्षांपासून दुसऱ्या मजल्यावर चढताना मध्ये थांबतात आणि थांबल्याचं दिसू नये म्हणून चपलेत खडा गेल्याचं नाटक करतात. गेल्या पावसाळ्यात न्यूमोनिया म्हणून अॅडमिट केलं, तेव्हा सीटी स्कॅन आणि ती नळीत फुंकायची टेस्ट झाली. निदान सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या आकसून कायमचा दम लागणारा आजार, बराच पुढे गेलेला. बाबांनी जन्मात बिडी ओढलेली नाही. तंबाखू मात्र मळतात, आणि तिथेच गोची झालीय.

मेडिकल बोर्डाने ‘अग्निशमन कर्तव्यास कायम अपात्र’ असं लिहिलं. कारणाच्या रकान्यात फक्त ‘तंबाखूचे व्यसन’. २७ वर्षं धुरात गेली त्याचा एका शब्दाने उल्लेख नाही. आस्थापनेतले साहेब गोड बोलून सांगतायत, चारच वर्षं राहिलीत, स्वेच्छानिवृत्ती टाका, पेन्शन सुटेल, कशाला दगदग. अर्ज भरून घरी पाठवलाय, फक्त सही बाकी. बाबा करायला बसलेच होते, आईने पेन लपवलं.

सही करावी का? आजार नोकरीमुळे झाला हे आपल्याकडे कुणी मान्य करतं का? काही भरपाई असते का?

ता. क. लहानपणी आगीवरून आल्यावर बाबांचा युनिफॉर्म आई आमच्याच कपड्यांबरोबर भिजवायची. बादलीतलं पाणी शाईसारखं व्हायचं. काल विचारत होती, मलाही काही झालं असेल का गं? याचंही उत्तर कुणाकडे असेल तर सांगा.

---

चहाबाज

अरे देवा. जाणकार येतीलच. सही करू नका एवढं मलाही कळतं. वाचतोय.

---

निवृत्त_तांडेल

पोरी, आईने पेन लपवलं ते एक नंबर केलं. आता सापडू देऊ नको म्हणावं.

मी ३१ वर्षं काढली, तांडेल, म्हणजे फायरमनांचा म्होरक्या, म्हणून सुटलो. शहर मीपण सांगत नाही.

लोकांना वाटतं, धूर लागतो तो आग पेटलेली असताना. जाळ समोर असला की माणूस घाबरून का होईना, बीए सेट, म्हणजे हवेचा सिलिंडर आणि मास्क, पाठीवर घेतोच. खरा धूर आग विझल्यावर. कूलिंग म्हणतात त्याला. मलबा उपसायचा, पाणी मारत राहायचं, खाली कुठे निखारा राहिलाय का बघायचं. सहा तास, आठ तास, गोडाऊन मोठं असलं तर दुसऱ्या दिवसापर्यंत. सिलिंडर कागदावर ४५ मिनिटांचा. धापा टाकत काम करणाऱ्याला अर्धा तास पुरला तर नशीब. सेट चार आणि माणसं बारा, मग हिशोब तुम्हीच करा. मास्क गळ्यात आणि तोंडाला ओला रुमाल. रुमालाने राख अडते, गॅस अडत नाही, हे मला रिटायर झाल्यावर भाच्याने सांगितलं.

गाद्यांचा फोम, भंगारातल्या वायरी, एकदा कीटकनाशकांचं दुकान. त्यानंतर तीन दिवस काळा शेंबूड. घरी आलो की बायको गूळ हातावर ठेवायची. गुळाने छाती साफ होते असा आमच्या अख्ख्या स्टेशनचा विश्वास. हाच आमचा मेडिकल चेकअप.

बापाला भरतीचा दिवस विचार. छाती ८१, फुगवून ८६. टेप धरणारा अर्धा सेंटीमीटर सोडत नव्हता. माझ्याबरोबरचा एक जण तेवढ्यासाठी परत गेला. त्यानंतर ३१ वर्षांत माझ्या छातीला कुणी टेप लावली असेल तर शपथ. नळीत फुंकायला लावणं तर लांबच.

आमच्यात मरायचं तर एका दिवसात मरावं लागतं. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकिन बोट फुटली, ब्रिगेडची साठाहून जास्त माणसं गेली, म्हणून देशभर अग्निशमन सेवा दिन करतात. २०१५ ला काळबादेवीच्या आगीत प्रमुख अधिकारी सुनील नेसरीकर साहेबांसकट चार अधिकारी गेले. त्यांना माझा सॅल्यूट, कायम. पण वीस वर्षं थोडं थोडं जाणारा जो असतो तो कुठल्या फलकावर येत नाही. तो ‘आजारीच असायचा’ एवढं बोलून लोक चहा पितात.

आता कामाचं. प्रत्येक वर्दीची, म्हणजे आगीच्या कॉलची, नोंद असते. वेळ, ठिकाण, कुठली गाडी, गाडीवर कोण कोण, परत कधी आली. ते रजिस्टर काढा. लवकर काढा. आमच्याकडे जुनी रजिस्टरं वाळवीने खाल्ली, राहिली ती पावसात भिजली.

---

सरळ_हिशेब

रोष पत्करून लिहितो. नोकरी घेताना धोका माहीत होता ना? धोका भत्ता घेतला ना? चौकातला ट्रॅफिक हवालदार, बेकरीत भट्टीपुढचा माणूस, स्मशानातला कर्मचारी, सगळेच धूर खातात. प्रत्येकाला भरपाई द्यायची तर पालिकेने रस्ते कशातून करायचे? वडिलांना पेन्शन आहे. खाजगीत असते तर तेही नसतं.

---

निवृत्त_तांडेल

भत्त्याचं म्हणाल तर या महिन्याचा माझा इन्हेलर त्यात बसत नाही. बाकी तुमच्या बिल्डिंगला आग लागो असं मी म्हणणार नाही. लागली तर पोरं येतीलच.

---

श्वासरेषा

छातीविकार हा माझा रोजचा धंदा, म्हणून थोडं.

पहिली गोष्ट ‘तंबाखूचे व्यसन’. चघळलेल्या तंबाखूने तोंड, घसा, अन्ननलिका यांचा कॅन्सर होतो, हृदयालाही त्रास होतो. सीओपीडी हा श्वासावाटे आत गेलेल्या धुराचा आणि कणांचा आजार. बोर्डाने मळणं आणि ओढणं एकाच शब्दात गुंडाळलंय. तुमच्या उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून दोन ओळी लेखी घ्या की रुग्णाने धूम्रपान केलेलं नाही. त्याखाली नोकरीचा इतिहास लिहून घ्या: किती वर्षं, कशाच्या आगी, मास्क असायचा का. घरी चूल होती का, कधी टीबी झाला होता का, हेही खरं तेच सांगा. लपवलेलं नेमकं उलटतपासणीत बाहेर येतं. तपासण्यांत औषध देण्याआधीची आणि नंतरची स्पायरोमेट्री (तीच नळीत फुंकायची), डीएलसीओ (फुफ्फुसातून रक्तात वायू किती जातो ते) आणि एचआरसीटी (छातीचा बारकाईचा सीटी स्कॅन), तिन्ही असू द्या.

दुसरी गोष्ट, लोक तुम्हाला एक बातमी पाठवतील. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०२२ मध्ये अग्निशामकाचं काम पहिल्या गटात टाकलं, म्हणजे माणसाला कॅन्सर होण्याचं सिद्ध कारण. आधी हे काम ‘शक्यता आहे’ एवढ्याच गटात होतं. पण नीट वाचा. पुरेसा पुरावा त्यांना सापडला तो मूत्राशयाच्या कॅन्सरसाठी आणि फुफ्फुसाच्या आवरणाच्या मेसोथेलिओमासाठी. आतडं, प्रोस्टेट, वृषण, त्वचेचा मेलानोमा, नॉन-हॉजकिन लिम्फोमा यांच्याबाबत मर्यादित पुरावा. सीओपीडी हा कॅन्सर नाही, त्यामुळे तो कागद फाइलला लावा, पण त्याच्या भरवशावर बसू नका.

तांडेलकाकांच्या टेपवरून आठवलं. न्यूयॉर्कच्या ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर तिथल्या अग्निशमन दलाचा एक अभ्यास आला. पहिल्याच वर्षात जवानांची एका सेकंदात जोरात हवा सोडण्याची क्षमता सरासरी ३७२ मिलिलिटरने घसरली होती. वयामुळे जी घट व्हायला बारा वर्षं लागली असती ती एका वर्षात. हे सिद्ध कसं झालं? दलाकडे त्यांच्या हल्ल्याआधीच्या फुंकण्याच्या नोंदी होत्या. आपल्याकडे बाबांची १९९७ ची छाती आहे आणि एकदम गेल्या पावसाळ्यातली. मधली २७ वर्षं कोरी. बोर्डाने त्या कोऱ्या जागेत तंबाखू भरला.

आईसाठी: अॅस्बेस्टॉसच्या कारखान्यांतल्या कामगारांचे कपडे धुणाऱ्या बायकांना आजार झाल्याच्या नोंदी जगभर आहेत, म्हणजे शंका वेडगळ नाही. पण आगीच्या काजळीने तेवढं झालंच असेल असं समजून घाबरू नका. खोकला किंवा दम असेल तर एक एक्सरे आणि एकदा फुंकून बघा. नसेल तर पेन लपवण्याचं काम चालू ठेवा.

---

सातवी_गल्ली

सफाई कामगारांच्या वारसांना लाड-पागे समितीमुळे नोकरी तरी मिळते. फायरवाल्यांना काय? टाळ्या आणि १४ एप्रिलला गुलाब.

---

कोर्टाची_पायरी

धागाकर्त्या ताई, आधी एकच ओळ: सही नको. ‘स्वेच्छा’निवृत्तीत शब्दच स्वेच्छेचा आहे. उद्या तुम्ही म्हणालात की आजारामुळे जावं लागलं, तर समोरचा वकील तोच अर्ज काढून विचारेल की मग इथे ‘कौटुंबिक कारणास्तव’ कुणी लिहिलं. बघा, तसंच लिहिलेलं असणार.

आता पहिला दरवाजा. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६, कलम २०(४). नोकरीत असताना अपंगत्व आलं तर सरकारी आस्थापनेला माणूस काढता येत नाही, पदावनतही करता येत नाही. त्या कामाला तो अयोग्य ठरला तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्यायचं. जागा नसेल तर निवृत्तीपर्यंत जादा पद तयार करून त्यावर ठेवायचं. १९९५ च्या जुन्या कायद्यात हेच कलम ४७ होतं आणि कुणाल सिंग प्रकरणात २००३ साली सुप्रीम कोर्टाने ते चांगलं ठणकावून सांगितलंय. महापालिका ही सरकारी आस्थापनाच.

मेख अशी की कायद्याच्या परिशिष्टात २१ प्रकारची अपंगत्वं आहेत आणि त्यांत फुफ्फुस नाही. पालिका तेवढ्यावर बोट ठेवेल. आपण म्हणायचं, कलम २०(४) मध्ये ‘अपंगत्व’ एवढाच शब्द आहे, त्या यादीचं नाव नाही. शिवाय ऑगस्ट २०२५ मध्ये तेलंगणच्या एसटी महामंडळातल्या एका चालकाचं प्रकरण सुप्रीम कोर्टात लागलं. रंगांधळा म्हणून गाडीवरून उतरवून घरी पाठवला होता. रंगांधळेपणाही त्या यादीत नाही, तरी कोर्टाने त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्यायला लावलं. तिथे कामगार करारातल्या कलमाचा मोठा आधार होता हे सांगायला हवं, पण आपल्या बाजूचं आहे. बाबांना कंट्रोलरूम, स्टोअर, ना-हरकत दाखल्यांची फाइल, काहीही देता येतं. चार वर्षांचा पूर्ण पगार आणि आजची पेन्शन यातला फरक तुम्ही बँकेत असाल-नसाल, काढता येईल.

दुसरा दरवाजा भरपाईचा, तो अरुंद आहे. १९२३ चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झालाय, पण साचा तोच. कुठल्या तारखेच्या घटनेला कुठलं कलम लावायचं ते तुमचा वकील ठरवेल. जुन्या कायद्यात कोण कर्मचारी धरायचा याच्या यादीत ‘अग्निशमन दलाच्या सेवेत’ असं स्पष्ट लिहिलंय, म्हणजे उंबरठा ओलांडला. पण व्यवसायजन्य आजारांची यादी वेगळी. त्यात सिलिकॉसिस आहे, अॅस्बेस्टॉसिस आहे, कापूस गिरणीतला बिसिनोसिस आहे, आवाजाने येणारं बहिरेपण आहे. आगीच्या धुराने झालेली सीओपीडी अशी ओळ नाही. आणि यादीबाहेरचा आजार असेल तर कायदा विचारतो, तो एखाद्या ठरावीक अपघाती इजेमुळे थेट झालाय का?

म्हणून ताई, तांडेलकाकांच्या रजिस्टरमध्ये एक वर्दी शोधा. अशी, की जिच्यानंतर बाबा दवाखान्यात गेले. २७ वर्षांचा धूर हा कायद्याला ‘अपघात’ दिसत नाही. एका रात्रीचा धूर दिसतो.

आकडा किती? कायम पूर्ण अपंगत्वाला मासिक वेतनाच्या ६० टक्के गुणिले वयाचा गुणक. यात वेतन जास्तीत जास्त १५,००० धरतात, प्रत्यक्षात पगार साठ हजार असला तरी. पन्नाशीचा गुणक १५३.०९, म्हणजे ९,००० गुणिले तेवढं, १३,७७,८१० रुपये. वय वाढलं की गुणक घटतो. आंशिक असेल तर कमाईची क्षमता जितकी टक्के गेली तितकंच. जुन्या कायद्यात दाव्याची मुदत दोन वर्षं. उशिराचं सबळ कारण असेल तर माफ होतो.

तिसरा दरवाजा रुग्णता निवृत्तिवेतनाचा, म्हणजे आजारामुळे नोकरी सोडावी लागली तर मिळणाऱ्या पेन्शनचा. पहिला बंद झालाच तर तिकडे जा. तिथे निदान कागदावर ‘आजारामुळे’ लिहिलेलं असतं.

अवांतर: सैन्यात भरतीच्या वेळी नोंद नसलेला आजार नंतर निघाला तर तो सेवेमुळेच झाला असं धरून चालतात, नाही म्हणायचं असेल तर सरकारने सिद्ध करायचं. सुप्रीम कोर्टाने धरमवीर सिंग प्रकरणात २०१३ मध्ये असं सांगितलं. बाबांची छातीही ८१ च्या टेपने मोजूनच आत घेतली होती. पण ते नियम सैनिकांचे, फायरमनचे नाहीत.

---

टोरांटोकर_नंदू

वकीलसाहेबांनी सैन्याचं सांगितलं ते इथे कॅनडात फायरफायटर्सना लागू आहे. मॅनिटोबा प्रांताने २००२ मध्ये आधी सुरुवात केली, मग बाकीचे. यादीतला कॅन्सर झाला आणि ठरलेली वर्षं पूर्ण असली की तो नोकरीमुळेच असं गृहीत. मूत्राशयाला १५ वर्षं. नाही असं म्हणायचं तर समोरच्याने पुरावा आणायचा. माझा शेजारी याच्यावरच घरी बसून पगार घेतोय.

पण स्वर्ग नाही हो. फुफ्फुसाच्या कॅन्सरला सिगरेट न ओढल्याची अट घातली. आणि यादी कॅन्सरची. काकांसारखा सीओपीडीवाला इथेही नेहमीच्या रांगेत उभा राहतो. न्यूयॉर्कमध्ये टॉवर्सच्या धुळीसाठी वेगळा कायदा झाला तो २००५ मध्ये, निवृत्त झालेल्यांनाही पेन्शन बदलून घेता आली. त्या दिवशी ३४३ जवान गेले होते. नंतर धुळीच्या आजारांनी गेलेल्यांचा आकडा २०२३ च्या सप्टेंबरात तेवढाच झाला.

---

कंत्राटी_शिट्टी

मी एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत फायरमन, एजन्सीकडून. आमच्यासाठी पण लिहा कुणीतरी. आमच्याकडे सॉल्व्हंट पेटलं की पहिला आत आम्ही, पालिकेचा बंब नंतर.

आम्हाला ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विमा, असते, २१,००० पगारापर्यंत. तिच्यात व्यवसायजन्य आजाराची यादी आहे, आणि कायमचं अपंगत्व ठरलं तर वेतनाच्या ९० टक्क्यांच्या हिशेबाने, जितके टक्के अपंगत्व तितका, दर महिन्याला पैसा येतो. माझा पगार गेल्या वर्षी २२ झाला. ईएसआय कापणं बंद झालं म्हणून मी पेढे वाटले होते. आता हा धागा वाचून गप बसलोय.

---

सरळ_हिशेब

कोर्टाची_पायरी यांना खरा प्रश्न, टोमणा नाही. वर्षाला एकदा सगळ्या फायरमनना नळीत फुंकायला लावायचं तर खर्च किती येईल?

---

श्वासरेषा

मशीन एका चांगल्या मोबाइलच्या किमतीत येतं. फुंकायला दहा मिनिटं. पुढचा हिशोब सरळ आहे, नावाप्रमाणे.

---

गच्चीवरची_तुळस

पाच आठवड्यांनी लिहितेय. सगळ्यांना एकेक उत्तर देता आलं नाही, माफ करा.

अर्ज उघडून पाहिला. ‘कौटुंबिक कारणास्तव’. वकीलकाका, तुम्हाला कसं कळलं?

सही केली नाही. लेखी दिलं की कलम २०(४) प्रमाणे पर्यायी काम द्या आणि बोर्डाकडे फेरतपासणी करा. त्यावर चार दिवस कुणी बोललं नाही, मग तोंडी आदेश आला, तात्पुरतं कंट्रोलला बसा. बाबा फोन घेतात. वर्दी आली की अजून उभे राहतात म्हणे, मग आठवतं आणि बसतात.

दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. २००८ च्या आधीची रजिस्टरं ‘अभिलेखात आढळून येत नाहीत’. पुढची बघायला दिली. मी आणि बाबा दोन शनिवार त्या खोलीत बसलो. बाबा एकेका पानावर थांबायचे. हा बघ, हा तर गेला. हे दुकान, इथे आता मॉल आहे. मला वाटलं होतं ते कंटाळतील, उलट मीच घाईला आले.

२०११, दिवाळीचा दुसरा दिवस, प्लास्टिकच्या दाण्यांचं गोडाऊन. गाडी रात्री ९.५० ला निघाली, दुसऱ्या दिवशी दुपारी ३ ला परतली. शेरा: ‘धुरामुळे तीन कर्मचारी अत्यवस्थ, उपचारार्थ रवाना.’ तिसरं नाव बाबांचं, आडनाव चुकीचं लिहिलेलं. सेवापुस्तकात त्याच तारखेपासून नऊ दिवस अर्धवेतनी रजा. मी तेव्हा शाळेत होते. आम्हाला सांगितलं होतं, बाबा गावी गेलेत.

आडनावाच्या चुकीसाठी तेव्हा गाडीवर असलेल्या दोघांची प्रतिज्ञापत्रं हवीत. एक तयार झाले. दुसरे अजून नोकरीत आहेत, ते म्हणाले विचार करून सांगतो.

सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावर भरतीची नोंद सापडली. उंची, वजन, छाती ८१ / ८६.५. बाबांनी ते अर्धं सेंटीमीटर आईला दोनदा दाखवलं.

आईने फुंकून बघितलं. नॉर्मल. डॉक्टरांना म्हणाली, यांचं थोडं मला लावता येतं का.

फेरतपासणीचा बोर्ड येत्या गुरुवारी ११ ला. धूम्रपान नसल्याचं पत्र, तिन्ही रिपोर्ट, रजिस्टरची साक्षांकित प्रत, सगळं पिशवीत भरून ठेवलंय. तांडेलकाका, तुम्ही निरोपात येतो म्हणालात ते खरं ना? गेटबाहेरच्या टपरीवर साडेनऊला. बाबांनी विचारलंय, चहात साखर किती.

---

निवृत्त_तांडेल

तीन चमचे. आणि बापाला सांग, जिन्यात खड्याचं नाटक नको, थांबायचं तर उघड थांबू दे. मीपण थांबतो.